आधी ऐकून घ्या, मग ठरवा

रमजान हा हिजरी कालगणनेतला नववा महिना. ही कालगणना नेमकी कुठून मोजायची, हा प्रश्न खलिफा हजरत उमर यांच्या काळात पुढे आला. पैगंबरांचा जन्म, कुरआन उतरू लागला ते वर्ष, असे पर्याय समोर असताना मोजणी धरली गेली ती हिजरतीच्या वर्षापासून, म्हणजे इ. स. ६२२ पासून. हिजरत म्हणजे घरदार सोडून दुसऱ्या मुलखात जाणे. त्या वर्षी पैगंबर मुहम्मद (स.) आणि त्यांचे सोबती मक्केतला छळ असह्य झाल्यावर मदिनेला गेले. गावोगावी मशिदीत आणि दुकानांत सहरी-इफ्तारची जी वेळापत्रके वाटली जातात, त्यांवर छापलेले हिजरी साल म्हणजे माणसे घर सोडून निघाली त्याला किती चांद्रवर्षे झाली, याचा हिशेब आहे.

मदिनेची हिजरत बहुतेकांना ऐकून माहीत असते. त्याआधीची, इ. स. ६१५ च्या सुमाराची पहिली हिजरत मात्र मुस्लिम घरांबाहेर फारशी सांगितली जात नाही. ती समुद्रापलीकडे हब्शाला, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूला झाली होती. मक्केत नवा धर्म स्वीकारणाऱ्यांचे हाल होत होते. गुलाम असलेल्या हजरत बिलाल यांना तापलेल्या वाळूवर झोपवून छातीवर दगड ठेवला जाई. हजरत सुमय्या यांचा तर जीवच घेतला गेला. अशा वेळी पैगंबरांनी सोबत्यांना सांगितले, की हब्शाला जा. तिथला राजा असा आहे की त्याच्या राज्यात कुणावर जुलूम होत नाही. तो राजा ख्रिस्ती होता. अरब लोक त्याला नजाशी म्हणत. पहिल्या तुकडीत दहा-बारा पुरुष आणि चार-पाच बायका होत्या. पैगंबरांची कन्या रुकय्या आणि जावई उस्मान त्यांत होते. पुढे ही संख्या ऐंशीच्या वर गेली.

मक्केच्या कुरैश सरदारांना हे खपले नाही. त्यांनी अम्र इब्न आस आणि अब्दुल्लाह इब्न अबी रबिआ हे दोन वकील हब्शाला पाठवले. सोबत मक्केच्या उत्तम चामड्याचे नजराणे होते. या दोघांनी काय केले, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. ते आधी राजाच्या सरदारांना आणि धर्मगुरूंना एकेक करून भेटले आणि प्रत्येकाच्या हाती नजराणा ठेवला. ही आमचीच पोरे आहेत, बहकली आहेत, त्यांच्या घरच्यांनीच त्यांना परत बोलावले आहे, असे त्यांनी सांगितले. मागणी एकच होती. राजाने या माणसांशी बोलू नये, त्यांना तसेच आमच्या ताब्यात द्यावे. दरबाऱ्यांनीही तसाच सल्ला दिला. नजाशी रागावला. माझ्या आश्रयाला आलेल्यांना विचारल्याशिवाय मी कुणाच्या हवाली करणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले आणि मुसलमानांना दरबारात बोलावले.

त्यांच्या वतीने पैगंबरांचे चुलतभाऊ हजरत जाफर बोलले. आपण आधी कसे जगत होतो, मग काय बदलले, त्यानंतर आपल्याला काय सोसावे लागले आणि आपण हेच राज्य का निवडले, हे त्यांनी क्रमाने सांगितले. काही कथनांत असेही येते, की त्यांनी उलट तीन प्रश्न विचारायला लावले: आम्ही कुणाचे पळून आलेले गुलाम आहोत का, आम्ही कुणाचे रक्त सांडले आहे का, आम्ही कुणाचे पैसे बुडवले आहेत का? तिन्ही प्रश्नांची उत्तरे वकिलांना 'नाही' अशीच द्यावी लागली. मग जाफर यांनी कुरआनातल्या मरियमच्या अध्यायाचा काही भाग म्हटला आणि राजाच्या डोळ्यांत पाणी आले. दुसऱ्या दिवशी अम्रने आणखी एक डाव टाकला. हे लोक येशूविषयी भलतेच बोलतात, असे त्याने राजाच्या कानावर घातले. पुन्हा बोलावणे आले, पुन्हा विचारणा झाली. जाफर यांनी मुसलमान येशूला काय मानतात ते काहीही न लपवता सांगितले. राजाने नजराणे परत केले आणि आलेल्यांना राहू दिले. ही हकीकत सांगणाऱ्या हजरत उम्मे सलमा स्वतः त्या निर्वासितांत होत्या.

आज जगभर आश्रयासाठी जो अर्ज केला जातो, त्याचा गाभा या दरबारातल्यासारखाच आहे. आलेल्या माणसाला परत पाठवण्याआधी त्याचे ऐकायचे. बाकीचे सगळे, म्हणजे नमुने, शिक्के, बोटांचे ठसे आणि वकील, या एका गोष्टीभोवती उभे राहिले आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात लाखो माणसे बेघर झाली होती. त्यातून संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित उच्चायुक्त कार्यालय उभे राहिले. त्याला सगळीकडे यूएनएचसीआर म्हणतात. २८ जुलै १९५१ ला जिनिव्हात निर्वासितांविषयीचा करार झाला. सुरुवातीला तो १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरताच होता. १९६७ च्या पूरक कराराने ही अट काढून टाकली. निर्वासित कुणाला म्हणायचे हे या कराराने ठरवले: जो स्वतःच्या देशाबाहेर आहे, ज्याला वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत या पाचांपैकी एखाद्या कारणावरून छळ होण्याची रास्त भीती आहे, आणि त्या भीतीपोटी जो आपल्या देशाचे संरक्षण घेऊ शकत नाही किंवा घेऊ इच्छित नाही.

व्याख्या लांबलचक वाटते, पण तिच्यातला प्रत्येक शब्द कुणाच्या तरी अर्जाचा निकाल फिरवतो. 'देशाबाहेर' हा शब्द घ्या. स्वतःच्या देशात राहून निर्वासिताचा अर्ज करता येत नाही. सीमा ओलांडावीच लागते, आणि बहुतेकदा ती बिनापरवाना ओलांडावी लागते, कारण छळणारे सरकार पासपोर्ट देत नसते. म्हणून कराराच्या ३१ व्या कलमात म्हटले आहे, की थेट संकटातून आलेल्या आणि विनाविलंब अधिकाऱ्यांपुढे हजर झालेल्या माणसाला बेकायदा प्रवेशाबद्दल शिक्षा करू नये. 'घुसखोर' हा शब्द आपल्याकडे फार सहज वापरला जातो. अर्जाची सुनावणी होण्याआधी तो वापरणे म्हणजे निकाल आधी आणि साक्ष नंतर.

'रास्त भीती' म्हणजे किती भीती? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९८७ मध्ये हाच प्रश्न आला होता. छळ होण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असली पाहिजे, असे तिथले सरकार म्हणत होते. न्यायालयाने ते मानले नाही. दहात एक एवढी शक्यता असली, तरी भीती रास्त ठरू शकते, असे न्यायमूर्तींनी म्हटले. दहा गोळ्यांपैकी एकच विषारी आहे असे सांगितले, तर त्यातली एकही गोळी कुणी तोंडात टाकणार नाही.

गरिबी किंवा दुष्काळ या व्याख्येत बसत नाही. पोटासाठी परमुलखात गेलेल्या माणसाची गरज खरी असते, पण तो निर्वासित ठरत नाही. निव्वळ युद्धातून पळालेल्यालाही छळाचे कारण दाखवावे लागते, किंवा अशांसाठी काही देशांत असलेल्या वेगळ्या संरक्षणाकडे वळावे लागते. आणि ज्याने स्वतःच युद्धगुन्हे किंवा गंभीर गुन्हे केले आहेत, त्याला करार संरक्षण देत नाही. जाफर यांनी विचारायला लावलेला रक्ताचा प्रश्न आजही विचारला जातो.

छळ करणारा आणि सोसणारा नेहमी वेगळ्या धर्माचे असतात, हाही एक गैरसमज आहे. मक्केतून पळालेल्यांना छळणारे त्यांचेच काका, मामा, भाऊ होते. आज अफगाणिस्तानातले हजारा मुसलमान मुसलमानांच्याच हातून मारले गेले आहेत. त्याच देशातून शीख आणि हिंदू कुटुंबेही बाहेर पडली. अर्ज तपासणाऱ्याला धर्माचा शिक्का पुरत नाही. या माणसाला, याच्या गावात, नेमकी कशाची भीती आहे, हे त्याला पाहावे लागते.

कराराचा कणा म्हणजे ३३ वे कलम. जिथे जीव किंवा स्वातंत्र्य धोक्यात आहे, तिथे निर्वासिताला परत ढकलायचे नाही. कुरआनात सूरह तौबाच्या सहाव्या आयतीत याच्या जवळ जाणारा आदेश आहे. शत्रूपक्षातल्या माणसानेही आश्रय मागितला, तर तो द्यावा आणि नंतर त्याला सुरक्षित जागी पोहोचवावे, असा तिचा आशय आहे. हा आदेश ऐन लढाईच्या संदर्भात आला आहे, आणि आश्रय मागणाऱ्याने आपला धर्म स्वीकारावा अशी अट त्यात नाही. मुस्लिम देशांतली आजची सरकारे या आयतीला कितपत जागतात, हा प्रश्न मुसलमानांनी स्वतःलाच विचारायला हवा.

भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. बाहेरून आलेला प्रत्येक माणूस कायद्याच्या नजरेत 'परदेशी' असतो. पूर्वी तो १९४६ च्या कायद्याखाली येई, आता २०२५ च्या नव्या कायद्याखाली येतो. तरीही भारताने आश्रय दिलेल्यांची यादी मोठी आहे. १९५९ नंतर आलेले तिबेटी आणि १९८३ नंतर आलेले श्रीलंकेचे तमिळ यांची व्यवस्था सरकारने स्वतः पाहिली. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ असलेली नोरग्येलिंग ही तिबेटी वसाहत त्यातलीच. नागरिकत्व सुधारणा कायद्याचा विषय वेगळा आहे. तो तीन शेजारी देशांतल्या ठरावीक समुदायांच्या नागरिकत्वाचा आहे. आश्रयाच्या अर्जाशी त्याची गल्लत करू नये.

अफगाणिस्तान, म्यानमार, सोमालिया अशा देशांतून आलेले लोक यूएनएचसीआरच्या दिल्लीतल्या कार्यालयाकडे जातात. पहिली पायरी नोंदणीची. नाव, गाव, जन्मसाल, कुटुंबात कोण कोण आहे, त्यातले कोण सोबत आले आणि कोण मागे राहिले, हे लिहून घेतले जाते. फोटो आणि ठसे घेतात. अर्ज विचाराधीन असल्याचा कागद मिळतो. या सगळ्याला एक रुपयाही लागत नाही. कार्ड काढून देतो म्हणून पैसे मागणारा दलाल भेटला, तर तो फसवतो आहे असे खुशाल समजावे.

मग येते मुलाखत. अनेकांसाठी तिची वाट पाहणे हीच मोठी परीक्षा असते, कारण बोलावणे यायला महिने जातात, कधी वर्षे. मुलाखतीत अधिकारी, अर्जदार आणि दुभाषा एवढेच असतात. बाईला बाई अधिकारी आणि बाई दुभाषी मागता येते. कुटुंबातल्या मोठ्या माणसांशी वेगवेगळे बोलतात, कारण बायकोवर काय गुदरले ते नवऱ्यासमोर तिला सांगता येतेच असे नाही. सांगितलेले तिच्या देशाच्या सरकारला कळवले जात नाही, ही हमी सुरुवातीलाच द्यावी लागते. सरकारी माणसाला घाबरूनच जी आली आहे, तिला टेबलापलीकडचा माणूस वेगळा आहे हे पटायला वेळ लागतो.

प्रश्न साधे असतात आणि त्यामुळेच कठीण असतात. काय झाले? कुणी केले? तुमच्याच बाबतीत का झाले? पोलिसांकडे गेला होता का? देशातल्या दुसऱ्या शहरात जाऊन राहता आले नसते का? आज परत गेलात तर काय होईल असे वाटते? कागद असतील तर दाखवायचे, पण नसले म्हणून अर्ज फेटाळता येत नाही. जीव वाचवून पळणारा माणूस फाइल घेऊन निघत नाही. रोहिंग्यांना तर म्यानमारने १९८२ च्या कायद्याने नागरिकत्वाबाहेरच ठेवले, त्यांनी कुठला कागद आणायचा? म्हणून यूएनएचसीआरच्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे, की अर्जदाराने आपल्याकडून सगळे सांगितले असेल आणि ते एकंदरीत पटण्याजोगे असेल, तर शंकेचा फायदा त्याला द्यावा.

घोटाळा होतो तो तारखांत. अफगाणिस्तानात सौर हिजरी साल चालते. तेही हिजरतीपासूनच मोजलेले असते, फक्त सूर्याच्या हिशेबाने. काबूल तालिबानच्या हाती गेले ती १५ ऑगस्ट २०२१ ही तारीख तिथल्या माणसाच्या डोक्यात १४०० सालातली २४ असद अशी असते. दुभाष्याने महिना बदलताना चूक केली, की अर्जदाराने नोंदणीत एक आणि मुलाखतीत दुसरेच सांगितले असे दिसते. त्यात मार खाल्लेल्या, डोळ्यांसमोर माणूस मेलेला पाहिलेल्या माणसाची आठवण सरळ रेषेत चालत नाही. आधी काय झाले आणि नंतर काय, याचा गोंधळ होतो. खोटे बोलणारेही असतात. पण फार सफाईदार सांगणारा खरा आणि अडखळणारा खोटा, असे समजणारा अधिकारी दोन्हीकडे फसतो.

निर्णय कळवला जातो. नकार आला, तर ३० दिवसांत अपील करता येते आणि ते दुसरा अधिकारी पाहतो. होकार आला, तर निर्वासित म्हणून कार्ड मिळते. पण कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे आणि नोकरीचा परवानाही नव्हे. केंद्रीय गृहखात्याने २०११ मध्ये काढलेल्या कार्यपद्धतीनुसार निर्वासित असल्याचा दावा तपासून दीर्घ मुदतीचा व्हिसा देता येतो, पण तो सरकारच्या मर्जीवर असतो. हातात कार्ड असूनही घरमालक भाडेकरार करत नाही, बँक खाते उघडत नाही, अशी ही अवस्था. 'त्यांना कॅनडाला पाठवतात ना?' असे अनेक जण विचारतात. जगभरातल्या निर्वासितांपैकी दर वर्षी एक टक्क्याहूनही कमी लोकांना असे तिसऱ्या देशात वसवले जाते.

न्यायालयांनी या पोकळीत काही आधार दिला. चकमा निर्वासितांच्या प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की घटनेच्या २१ व्या कलमातला जगण्याचा हक्क नागरिक नसलेल्यालाही आहे. ३ मे २०२१ रोजी मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारमधल्या लष्करी उठावानंतर सीमा ओलांडून आलेल्या सात जणांना, ज्यांत तीन पत्रकार होते, दिल्लीला जाऊन यूएनएचसीआरपुढे अर्ज करण्यासाठी सुरक्षित वाट द्यायला सांगितले. त्याच्या महिनाभर आधी मात्र सर्वोच्च न्यायालयाने जम्मूतल्या रोहिंग्यांची पाठवणी थांबवायला नकार दिला होता. पाठवायचे तर ठरलेली पद्धत पाळा, एवढेच म्हटले होते. एकाच वसंतातल्या या दोन निकालांचा मेळ घालणे सोपे नाही.

आपल्या आसपासही या प्रश्नाची एक बाजू होती. पुण्यात शिकायला आलेले अफगाण विद्यार्थी रीतसर पासपोर्ट-व्हिसा घेऊन, घरच्यांचा निरोप घेऊन आले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांच्या मागे देशातले राज्यच बदलले. असा माणूस निघताना निर्वासित नसतो, परक्या देशात बसल्या बसल्या होतो. कायदा ही शक्यताही ओळखतो. विशेषतः मुलींसाठी परत जाणे म्हणजे शिक्षणाचा दरवाजा बंद होणे होते. मात्र अर्जासाठी वाट पाहून चालत नाही. अमेरिकेत तर पोहोचल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. भीतीने किंवा अज्ञानाने गप्प बसलेल्याचा रास्त दावाही त्या मुदतीत अडकतो.

कोल्हापूरला यातले बरेच काही सांगावे लागत नाही. १९४३ ते १९४८ या काळात शहराजवळ वळिवडे इथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे. सोव्हिएत राजवटीने त्यांना पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरियाकडे नेले होते. तिथून सुटून इराणमार्गे ती इथवर पोहोचली. युद्ध संपल्यावर त्यांना घरी जा म्हणता येईना, कारण अनेकांची गावे आता सोव्हिएत हद्दीत गेली होती आणि वॉर्सात आलेल्या नव्या सरकारची त्यांना धास्ती होती. व्याख्येतल्या 'संरक्षण घेऊ इच्छित नाही' या शब्दांचा अर्थ करार होण्याआधीच वळिवड्यात समजला होता. छावणी मोडल्यावर त्यांतले अनेक जण ब्रिटनला आणि आणखी दूर गेले. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे.

आणि हब्शा? नजाशीच्या आठवणीशी जोडलेली नेगाश गावची मशीद इथिओपियाच्या तिग्राय प्रांतात आहे. २०२० च्या अखेरीस तिथे पेटलेल्या युद्धात त्या मशिदीचीही नासधूस झाली. तिग्रायमधली साठ हजारांहून अधिक माणसे, त्यांत ख्रिस्ती अधिक, सीमा ओलांडून सुदानला गेली. बहुसंख्य मुसलमान असलेल्या सुदानच्या पूर्व भागात, हमदायेतच्या नाक्यावर त्यांची नावे लिहून घेतली गेली. एप्रिल २०२३ मध्ये सुदानातच युद्ध सुरू झाले आणि सुदानी कुटुंबे मेतेमाच्या नाक्यावरून इथिओपियात येऊ लागली. तिथेही नोंदणीच्या टेबलावर सुरुवात त्याच प्रश्नांनी होते: नाव काय, गाव कुठले, सोबत कोण आहे, मागे कोण राहिले.